दाराखालची माळ

थोरलीचा डोळ्यांवर फारसा विश्वास नव्हता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्यात तिची अर्धी हयात गेली होती. माणसांना नसलेलं दिसतं आणि समोरचं दिसत नाही, हे तिला रोज काउंटरवर बसून ऐकावं लागे. त्यामुळे समोरच्या घरातली शेजारीण फाटकापाशी थांबून म्हणाली, "यंदा त्या खोलीतही दिवे लावलेत वाटतं? खिडकी काय सुरेख दिसते बाहेरून," तेव्हा थोरलीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सांगितलं, "ती खोली बंद असते. हॉलमधल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडत असेल."

"असेल बाई," शेजारीण म्हणाली. पण तिची नजर खिडकीवरून हलली नाही.

खरं तर यंदा दिवे लावायचेच नाहीत असं थोरलीने ठरवलं होतं. बाबा उन्हाळ्यात गेले होते. घरात ती एकटी. कुणासाठी करायची ती हौस? पण धाकटीचा फोन आला. "ताई, आम्ही नाताळला येतोय हं. घर असं अंधारं ठेवू नकोस. बाबांना किती आवडायचं ना!"

बाबांना काय आवडायचं हे धाकटीने फोनवरून सांगावं, याचं थोरलीला हसू आलं. बाबांना भरवणं, पुसणं, पाठीला मलम चोळणं, ते रागावले की निमूट ऐकून घेणं, सगळं थोरलीच्या वाट्याचं. धाकटी नाताळात दोन दिवस यायची, बाबांच्या गळ्यात पडायची आणि हात हलवत निघून जायची. शेवटच्या वर्षांत बाबांच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं गेलं. थोरली तर पार गेली. ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि बाबा तिच्याकडे पाहून विचारायचे, "बाळी कधी येणार?" बाळी म्हणजे धाकटी. ती मात्र पुसली गेली नाही.

तरीही थोरलीने कपाटावरचं खोकं खाली काढलं. आत हिरव्या वायरची, तांदळाएवढ्या पिवळ्या दिव्यांची लांबच लांब माळ होती. पूर्वी हे काम बाबांचं. ते स्टुलावर चढून माळ जरा ओढून घेत, थांबून आकड्यात अडकवत, परत ओढून घेत. खाली माळ धरून थोरलीच उभी असायची.

तिने मुख्य दाराजवळच्या प्लगपासून सुरुवात केली. खिडकीवरून, पुस्तकांच्या कपाटावरून, स्वयंपाकघराच्या चौकटीवरून माळ नेली आणि बाबांच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी संपवली. बटण दाबलं. घर उजळलं, आणि तिला ते अजूनच रिकामं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर माळेचं टोक बोळात लोंबत होतं. चिकटवलेले आकडे सुटले असतील म्हणून तिने ते नीट बसवले. त्याच्या पुढच्या दिवशी पाहिलं तर स्वयंपाकघराच्या चौकटीवरचा झोळ नाहीसा झाला होता, वायर ताणलेली होती आणि शेवटचे दिवे बाबांच्या खोलीच्या दाराखाली गेले होते.

तिने दार उघडलं. गुंडाळलेली गादी, उघडा पलंग, भिंतीत मुरलेला मलमाचा वास. माळेचं टोक भिंतीच्या कडेने खिडकीच्या दिशेने सरळ ठेवलेलं होतं. पडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. हा फरक थोरलीला कळला आणि तो कळायला नको होता असंही तिला वाटलं. तिने माळ गोळा करून बाहेर आणली, दार ओढून घेतलं आणि माळ परत आकड्यांत बसवली. वायर जुनी आहे, पीळ बसलाय, आपोआप सरकते, असं स्वतःला समजावलं. शेजारीण फाटकापाशी भेटली ती याच संध्याकाळी.

रविवारी ती घरीच होती. दुपारी खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत असताना पुस्तकांच्या कपाटावर बारीकसा आवाज झाला. टक्. एक आकडा सुटला होता.

तिने वर पाहिलं. माळ चालली होती.

जरा सरकायची. थांबायची. परत जरा सरकायची. थांबायची. घाई नव्हती, झटका नव्हता. पलीकडे कुणीतरी ओढून घेत होतं, थांबून अडकवत होतं, परत ओढून घेत होतं.

थोरली उठली. सुई तशीच बोटांत होती. ती बोळात गेली, दाराखाली शिरणारी वायर तिने मुठीत धरली. दिव्यांची किंचित ऊब हाताला लागली. पलीकडची ओढ थांबली. वाट पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली. आपला आवाज इतका लहान आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

माळ हलली नाही.

"बाबा, बाळी नाही. मी आहे."

मग माळ तिच्या मुठीतून अशी हिसकली गेली की तळहात सोलवटला. मागे हॉलमधले आकडे टकाटक सुटत गेले. सगळी माळ दाराखालून आत गेली आणि प्लगकडचं टोक तेवढं जमिनीवर ताणून राहिलं. तिने दार ढकललं. खांदा लावला. ते उघडलं नाही.

तळहाताला औषध लावताना तिला रडू आलं नाही. इतकी वर्षं राबल्यावर आपल्याला एवढंच मिळालं, असं वाटून ती नुसती बसून राहिली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी आली. मागून बॅगा सांभाळत तिचा नवरा. "हॉलमध्ये काहीच नाही लावलंस?" धाकटीने विचारलं. मग तिला जमिनीवरची वायर दिसली. वायरीच्या मागोमाग ती बोळात गेली.

"उघडत नाही ते," थोरली म्हणाली.

धाकटीने बोट लावलं आणि दार उघडलं.

खिडकीची चौकट, पलंगाच्या उशाकडचे गज, छताच्या चारही कडा दिव्यांनी मढल्या होत्या. एक ओळ दुसरीवर चढलेली नव्हती. गादी पलंगावर नीट अंथरली होती.

"ताई!" धाकटीने तिला मिठीच मारली. "एवढं सगळं माझ्यासाठी केलंस?"

"मी नाही लावले."

"मग काय बाबांनी लावले?" धाकटी हसली, डोळे पुसले. तिचा नवराही हसला. हसून झाल्यावर त्याने छताकडे पाहिलं, थोरलीच्या तळहाताकडे पाहिलं आणि आपण हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो म्हणाला.

थोरलीला सांगता आलं असतं. त्या खोलीत झोपू नकोस, एवढं एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण धाकटी आधीच पलंगावर आडवी झाली होती, लहानपणी व्हायची तशी, सगळी जागा आपलीच असल्यासारखी. थोरलीने दार लोटून घेतलं.

धाकटीला गाढ झोप लागली. सकाळी ती ताजीतवानी होऊन बाहेर आली. नाताळचं जेवण झालं, फोटो झाले. "ताई, तू स्वतःकडे बघ जरा," असा सल्ला देऊन दुपारी ती नवऱ्याबरोबर गाडीत बसून गेली.

थोरली आवरायला खोलीत गेली. छत कोरं होतं. खिडकी कोरी होती. पलंगाखाली, कपाटात, गादीमागे कुठेच माळ नव्हती. मुख्य दाराजवळच्या प्लगमध्येही काही नव्हतं. धाकटीने न विचारता नेली असणार. तिची सवयच होती ती. थोरलीने असं म्हटलं आणि तिला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, तुझ्याकडे ठेवलेली आमच्या घराची किल्ली तू कुणाला दिली होतीस का?" धाकटीचा आवाज नेहमीचा नव्हता. "आम्ही आत्ताच पोचलो. हॉलमध्ये माळ लागलीये. चालू आहे. तीच पिवळी माळ. आमच्या निजायच्या खोलीच्या दाराखालून आत गेलीये, आणि दार उघडत नाहीये. हे खिडकीकडून बघायला गेलेत."

थोरलीला आधी भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच. गेले. बाबा शेवटी तिच्याकडेच गेले. या घरात राहण्याइतकीही आपली ओढ नव्हती.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. ओढून बघितलीस?"

"ओढतेय ना." धाकटी कुजबुजली. "अगं, अडत नाहीये. आतून कुणीतरी ढील देतंय. अजून देतंय."