वाढपी

सांगलीत त्या वर्षी 'नको' या शब्दावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि त्याला कारण होता वाढपी.

हा वाढपी म्हणजे पंगतीत बादली घेऊन फिरणारा माणूस नव्हे. ते एक यंत्र होतं. समोर टिकलीएवढा कॅमेरा आणि वापरणाऱ्याच्या कानात दाण्याएवढा स्पीकर, एवढाच त्याचा संसार. माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याच्या गालांच्या कातडीखालचा रक्तप्रवाह किंचित बदलतो, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होतात आणि शब्द फुटायच्या आधीच गळ्याचे स्नायू हलतात. आपल्याला हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून वाढपी नकाराची खोली मोजायचा. खरोखर आतून आला तो खोल नकार, आणि मनात हवं असून वरवर केला तो उथळ नकार. नकार उथळ निघाला की वाढपी कानात हळूच सांगायचा, "वाढा."

तो बनवला गेला इस्पितळांसाठी. संकोचापोटी ताट परत पाठवणारे म्हातारे रुग्ण त्याच्यामुळे पोटभर जेवू लागले होते. पण चांगली वस्तू चांगल्या जागी राहू द्यायची, हे कंपन्यांना कुठलं पटायला! कंपनीने तो मोटारींच्या दुकानांना विकला, विमावाल्यांना विकला आणि शेवटी विश्रामबागेतल्या लावण्यपथ मॉडेलिंग अकादमीलाही विकला.

त्या अकादमीतून मैथिली बाबर शनिवारी घरी आली, ती रडकुंडीला येऊन. वय अठरा, उंची एवढी की वर्गात सगळे तिला बांबू म्हणत. अकादमीतल्या शलाका मॅडमनी मात्र त्या उंचीला 'देणगी' म्हटलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मैथिली पाठ ताठ करून बसली होती. मग समोर करार आला. तीन वर्षं तिचा चेहरा अकादमीच्या मालकीचा राहणार. कॉलेज सोडायचं. दुसरीकडे फोटोसुद्धा काढायचा नाही. आणि फी एवढी की आईने ऐकताच पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी सात-आठदा नको म्हटलं गं मावशी," मैथिली सांगत होती. "दर वेळी त्या हसायच्या आणि आणखी जवळ सरकायच्या. जागा एकच आहे म्हणाल्या. बाहेरची मुलगी सही करायला तयार आहे म्हणाल्या. आईला तर चहा प्यायला बाहेरच पाठवत होत्या. आधार कार्ड घरी राहिलं म्हणून सुटलो आम्ही. उद्या या म्हणाल्यात."

विशाखामावशीने कपाळाला हात लावला. वाढपी बनवणाऱ्या चमूत ती होती.

"कानात काही होतं त्यांच्या?"

"मोत्यासारखं काहीतरी. छान होतं."

"छान कसलं डोंबलाचं!" मावशी उखडली आणि मग तिने सगळं समजावून सांगितलं.

मैथिलीने ऐकून घेतलं. "मग मला मनापासून नको म्हणायला शिकव."

"नाही जमायचं. तुला ते हवंय, मैथिली. यंत्र खोटं बोलत नाही."

मैथिलीचे कान लाल झाले.

"चूक आमची झाली," मावशी म्हणाली. "त्याला शिकवायला आम्ही लग्नातल्या पंगतींची हजारो चित्रणं वापरली. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, नको नको म्हणतो, यजमान आग्रह करून जिलबी वाढतोच, आणि पाहुणा खूश होतो. त्यातून यंत्र एवढंच शिकलं, की मनात हवं असलं म्हणजे माणसाचा होकारच असतो. पंगतीत ते खरंय. पण जगात सगळीकडे पंगतच असते, हे आम्ही धरून चाललो."

"उद्या जायलाच नको ना," आई म्हणाली.

"जाणार," मैथिली म्हणाली. "मला खोटं पाडलंय त्यांनी."

रविवारी तिघी गेल्या. बाहेर बाकांवर मुली रांगेने बसल्या होत्या, प्रत्येकीची आई शेजारी. मैथिलीने आत शिरताना दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. शलाका मॅडमनी करार पुढे सरकवला आणि पेनचं टोपणही काढून दिलं.

"तुझ्या डोळ्यांत स्वप्न दिसतंय मला. घाबरतेस कशाला?"

"बरोबर दिसतंय," मैथिली म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला हवंय हे. खूप हवंय. रॅम्पवर चालायचंय, सगळ्यांनी बघायला पाहिजे मला. आणि तरीही मी सही करणार नाही."

शलाका मॅडम थांबल्या. नकळत त्यांचं बोट कानाकडे गेलं. वाढपी गप्प होता. 'हवंय' असं उघड सांगून वर नाही म्हणणारं माणूस त्याने एकाही पंगतीत पाहिलं नव्हतं. आणि कानातून कुणी सांगितल्याशिवाय पुढे काय बोलायचं, ते बाई कधीच विसरून गेल्या होत्या.

"म्हणजे... तुला नकोय?"

"हवंय म्हटलं ना! पण सही माझी आहे."

ती बाहेर आली आणि बाकांसमोर उभी राहिली. पाठ बांबूसारखी ताठ. "त्यांच्या कानात यंत्र आहे. तुम्हाला आतून काय हवंय ते त्यांना कळतं. कळू दे! आत बसून काही ठरवू नका. घरी जा, जेवा, मग ठरवा."

एका आईने पर्स उचलली आणि मुलीला हाताला धरून जिना उतरली. बाकीच्या बसून राहिल्या.

रिक्षात मावशी म्हणाली, "तुझं ते वाक्य आज वाढपीने ऐकलंय. तो प्रत्येक नकारातून शिकतो. पुढची मुलगी तेच म्हणाली, तर त्याच्याकडे उत्तर असेल."

"शिकू दे," मैथिली म्हणाली. "ती दुसरं काहीतरी म्हणेल. किती शिकतो बघू."

घरी आल्यावर आईने बासुंदी केली. विजयाची, असं ती म्हणाली. मैथिलीने पहिली वाटी संपवली. आई पातेलं घेऊन आली, तशी मैथिलीने सवयीने वाटीवर हात आडवा धरला.

"नको नको."

आईचा डाव हवेतच थांबला. एरवी तिने मुलीचा हात बाजूला सारून वाटी काठोकाठ भरली असती. आज ती मैथिलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गालांकडे, डोळ्यांकडे, गळ्याकडे. मग तिने डाव पातेल्यात परत ठेवला.

"नको म्हणालीस ना," आई अपराधी आवाजात म्हणाली.

मैथिलीला बासुंदी हवी होती. ती मागून घ्यायची असते हे तिला ठाऊकच नव्हतं. या घरात आजवर कुणी मागून घेतलीच नव्हती.

तिने हात काढून घेतला आणि वाटी पुढे केली. "वाढ."

"खरंच?" आईने विचारलं.

मावशीने मान खाली घातली. त्या घरात वाढताना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता.