न सुकणारं सारवण

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती तर मी इतकी घाणेरडी रचली नसती.

ज्यांना जेवताना मोबाईल वाचायची सवय आहे, त्यांनी आधी ताट बाजूला सारावं.

माझ्या आईच्या बाबतीत हे घडलं. आईचं नाव जयवंताबाई. साल १९४४. राज्य निजामाचं होतं, धान्याची टंचाई होती, आणि सरकारची माणसं घरोघर हिंडून लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी उचलून नेत होती. गाव आष्टी, परतूर तालुक्यातलं. शिमगा नुकताच झालेला. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

आईला तेव्हा दिवस गेलेले होते. आईवडील शेतात खोपी घालून राहायचे. त्याच खोपीत त्यांचं पहिलं लेकरू विंचू चावून गेलं. आता दुसरं बाळंतपण ऐन पावसाळ्यात येणार होतं. आईने वडिलांना निक्षून सांगितलं होतं, या खेपेला मला चार भिंती पाहिजेत.

म्हणून वडिलांनी आष्टीत एक घर बघितलं.

वडिलांचं नाव रायभान. बाजारात बैल बघावा तसं त्यांनी ते घर बघितलं. दाराला लाथ घातली, खांबांवर थापा मारल्या, माळवदावर चढून उड्या मारल्या. घराला दात असते तर तेही मोजले असते, असं आई म्हणायची.

सगळं पसंत पडलं. फक्त सारवण राहिलं होतं.

आमच्या घराण्याची ही जुनी रीत. घर घ्यायच्या आधी घरच्या बाईने ते स्वतःच्या हाताने सारवायचं. शेणही आपल्याच गाईचं न्यायचं. मग ओट्यावर बसून ते सुकताना बघायचं. कुठे ओल चढते, कुठे उंदरांनी पोखरलंय, कुठे भुई पोकळ आहे, ते सुकताना बरोबर दिसतं. सारवण एकसारखं सुकलं, की घर घ्यायचं.

घर विकणारा बद्रीनाथ नावाचा माणूस होता. काळे दात, तोंडात कायम तंबाखू. बसेल तिथे थुंकायचा. स्वतःच्या दारातल्या दिव्याच्या देवळीखालीसुद्धा थुंकलेला होता.

"सारवा बिनघोर, वैनी," तो म्हणाला. "आमची माय वारल्यापासून घर बंदच हाय. म्या जालन्याला मस्तगडात दुकान टाकून राह्यलो. मला जरा जल्दी हाय."

"कशानं वारल्या?" आईने विचारलं.

"म्हातारपण. दुसरं काय राह्यतं?"

त्याने कुलूप काढलं.

आतून वास आला...

पेवातल्या ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना तो वास सांगायला नको. पेव म्हणजे जमिनीखालचा धान्य साठवायचा खड्डा. त्यातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण तिला एक आंबूस, कुबट घाण येते. हा वास तसाच होता. फक्त त्यात उष्ट्या तोंडाचा वास मिसळलेला होता.

"घरात पेव हाय का?" आईने विचारलं.

"बिलकुल न्हाई."

आईने पदर नाकाला बांधला आणि मागच्या भिंतीपासून सारवायला सुरुवात केली.

चुलीशेजारी हात गेला आणि ती थबकली. तिथली भुई हाताला मातीसारखी लागेना. बुळबुळीत, कोमट. गालाच्या आतून जीभ फिरवल्यावर लागतं ना, तसं.

तिने हात झटकला. पण खोपीतलं लेकरू आठवलं, आणि तिने दात आवळून तिथेही सारवलं.

मग दोघं ओट्यावर येऊन बसली. बद्रीनाथ गावात विडी-तंबाखू बघायला गेला.

ऊन रणरणत होतं. घंटाभरात सारवण कडेने पांढुरकं पडायला लागलं. वडील खूश.

आईला मात्र काहीतरी खटकत होतं.

ताजं शेण सारवलेलं... आणि घरात एकही माशी नव्हती.

शेजारच्या कोंबड्या अंगणात चरत होत्या. दारापर्यंत यायच्या... आणि मान वाकडी करून मागे फिरायच्या.

दुपार कलली तोवर सगळं घर सुकलं. चुलीशेजारी ताटाएवढी जागा तेवढी ओली राहिली.

आई आत गेली. वाकून बघितलं.

सारवताना बोटांच्या अर्धगोल रेघा उमटतात. सगळ्या घरात त्या होत्या. तिथे नव्हत्या. जागा गुळगुळीत झाली होती... चकचकीत... जेवून झाल्यावर ताट चाटून पुसून ठेवावं तशी.

तिने उरलेल्या शेणाने पुन्हा हात दिला आणि बाहेर आली.

थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला.

लप... लप... लप...

"कुत्रं शिरलं वाटतं," वडील म्हणाले.

पण दारात तर तीच दोघं बसली होती.

वडील आत जाऊन आले. "काई न्हाई तिथं. ओल हाय नुसती. गोठ्यात ओल आली तर आपण काय करतो? राख टाकतो. मी टाकतो राख. तू जा, हात धुऊन ये."

आईच्या हाताचा वास जात नव्हता. ती आडावर गेली. तिथे शेजारची चतुराबाई पाणी शेंदत होती. तिने आईचे शेणाचे हात बघितले आणि दोर तसाच धरून उभी राहिली.

"बद्रीचं घर सारवलं का वं बाई?"

"हाव. घेऊन राह्यलो आमी."

"चुलीजवळ बी सारवलं?"

आईने मान डोलावली.

चतुराबाईने इकडेतिकडे बघितलं. "त्याची माय तिथंच पडून राह्यची. उठाया येत नव्हतं तिला. घरात पेव भरून ज्वारी, पण लेव्हीवाल्याला कळंल म्हणून ह्या बद्रीनं पेवाचं तोंड बुजवलं, अन् तिच्याच अंथरुणाखाली झाकलं. मायला खाया काई देईना. शेवटी शेवटी ती भुई चाटायची, बाई. म्या सारवून द्याया गेल्ते, तर माझ्या हातावरचं शेण चाटलं तिनं. वास येत व्हता ना तिला, खालच्या ज्वारीचा..."

आई आडाच्या दगडावर हात घासायला लागली.

चतुराबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मेली तर मागं राख बी चाळली न्हाई. कुलूप लावून गेला भाड्या."

राख चाळणं म्हणजे काय, ते नव्या पोरांना माहीत नसेल. ज्या जागी जीव जातो, तिथे राख पसरून वर टोपली पालथी घालतात. मग टोपली उचलून राखेवर कसला ठसा उमटलाय ते बघतात. पाखराचा, मुंगीचा, जनावराचा. ज्याचा ठसा, त्या जन्माला तो जीव गेला असं समजतात.

आई धावतच परत आली.

वडील ओट्यावर भाकरी खात बसले होते.

"टाकली राख," ते म्हणाले. "कोणाचा पाय पडू नये म्हणून वरून टोपली बी पालथी घातली."



वडिलांना गोठा कळायचा, शेत कळायचं. बायकांच्या रीती त्यांना कुठून ठाऊक? त्यांनी नुसती ओल झाकली होती. पण त्या भुईला ते कोण सांगणार?

टोपलीखालून आवाज येत होता. आता चाटण्याचा नव्हता...

चोखण्याचा होता.

आई दारातच उभी राहिली. आवाज थांबला. मग तिने आत जाऊन टोपली उचलली.

राखेत एक तोंड उमटलं होतं.

आई आयुष्यात हे दोनदाच बोलली, आणि दोन्ही वेळा बोलून झाल्यावर चूळ भरली. तोंडाला दात नव्हते. पण म्हातारीचं नव्हतं ते. एवढंसं होतं. दूध ओढताना लेकराचे ओठ पुढे येतात, तसे ओठ. मधल्या राखेचा लाळेने चिखल झालेला, आणि लाळेची एक तार टोपलीच्या काठापर्यंत ताणलेली.

ती तार तुटली...

आणि आईच्या पोटातलं बाळ हललं. तोवर ते एकदाही हललं नव्हतं.

घराचा सौदा मोडला. वडिलांनी कारण विचारलं, आईने सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "मला नगं हे घर. मी गोठ्यात बाळंत व्हईन."

आणि झालीही. श्रावणात, मोठ्या काकांच्या गोठ्यात. मुलगी झाली. नाव गोपिका. आम्ही तिला अक्का म्हणायचो.

अक्का चांगली होती, हे मला मुद्दाम सांगायचंय. मी तिच्या पाठचा शेवटचा. तिने मला कडेवर घेऊन वाढवलं. मला गोवर निघाला तेव्हा माझ्या उशाशी बसून राहिली.

पण आई सारवायला बसली, की अक्काला घरातून बाहेर काढायची. असं का, ते मला लहानपणी कळायचं नाही. एकदा आई विसरली. मी बघितलं. चांगली दहा-अकरा वर्षांची पोरगी, ओल्या सारवणावर पालथी पडून... डोळे मिटून... आईने तिला वेणीला धरून उठवलं. अक्काच्या हनुवटीवरून हिरवं पाणी गळत होतं आणि ती रडत म्हणत होती, "भूक लागली माय."

एवढंच. म्हातारपणापर्यंत तिला पोटभर खाऊ घातलं, तरी तिची भूक गेली नाही.

अक्का गेल्या महिन्यात वारली. माझ्याच घरी, जालन्यात.

भावकी जमली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, राख चाळा, टोपली आणा. मी नाही म्हणालो. आवाज चढवून नाही म्हणालो. लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सख्ख्या बहिणीसाठी याला चिमूटभर राख टाकवत नाही, असं आता सगळ्या गोतात बोलतात.

माझी नातसून गरोदर आहे. चौथा महिना चालू आहे. तिला मी अक्काला उचलायच्या आधीच माहेरी पाठवलं.

ती रोज फोन करते. "आजोबा, मी कधी येऊ? माझं काही चुकलं का?"

तिचं काहीच चुकलेलं नाही. मी डॉक्टरचं नाव पुढे करतो, आणखी थोडे दिवस तिकडेच राहा म्हणतो, आणि फोन ठेवतो.