त्या खांबापर्यंत

मी अचानक थांबले, आणि तो मागून येऊन माझ्या पाठीवर आदळला.

थांबायचं कारण साधं होतं. बुटाची नाडी सुटली होती. म्हणजे... सुटली नव्हती. मला दम लागला होता, आणि दम लागला की मी नाडी बांधते. तळ्याभोवतीच्या त्या पायवाटेवर माझ्याइतक्या वेळा नाडी बांधणारं दुसरं कोणी नसेल.

"सॉरी, सॉरी! लागलं का?" मागून आवाज आला. छान होता आवाज, जरा घोगरा. "पण थांबलात का? चांगलं चाललं होतं की!"

तुम्हाला काय करायचंय, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "थांबले कुठे? ही निघालेच!"

आणि निघाले. दोन पावलं मागे ठेवून तोही निघाला. पुढचं अख्खं वळण तो मागेच राहिला. पुढे जाईना, लांबही पडेना. वळणावर डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर हे एवढे लांब पाय! एवढ्या पायांचा माणूस माझ्या मागे कशाला रेंगाळेल? मला काही कळेना.

पळण्याचं आणि माझं कधी जमलंच नव्हतं. शाळेच्या शर्यतीत एकदा मागे वळून बघितलं, तर मागे कोणीच नाही. पुढे बघितलं, तर सर शेवटची रिबीन गुंडाळत होते. मी अजून पळत होते आणि ते गुंडाळत होते! मी आपली पाणी प्यायला निघाल्यासारखी गुपचूप बाजूला झाले. त्या दिवसापासून मी पळणं सोडलं. मागे बघणंही सोडलं.

पण आत्याच्या जिभेला हाड नाही. आमच्याकडेच राहते ती. माझी अर्धवट गिटार, अर्धवट स्वेटर आणि पोहण्याच्या क्लासचा न वापरलेला चष्मा एकाच कपाटात बघून ती म्हणाली, "हिच्याच्यानं एक गोष्ट शेवटाला जाईल तर शपथ!" मी रागाच्या भरात दहा किलोमीटरच्या दौडीत नाव घालून मोकळी झाले. मला नंबर नको होता, बक्षीस नको होतं. फक्त रिबीन गुंडाळायच्या आत पोचायचं होतं. राग ओसरला तेव्हा पैसे परत मिळणार नाहीत असं कळलं. मग आत्यानंच एक भडक नारिंगी टी-शर्ट आणून दिला. "गाडीवाल्यांना लांबून दिसशील." तळ्याकाठी गाड्या येत नाहीत, हे तिला कोण सांगणार?

तर मी रोज सकाळी त्या नारिंगी अवतारात निघायचे आणि तोंडानं पुटपुटायचे, "चल, त्या खांबापर्यंत. मग थांबू." खांब आला की पुढचा खांब. "एवढाच. मग नक्की थांबू." स्वतःला फसवायची ही माझी युक्ती. मी इतकी भोळी आहे की रोज फसायचे.

आणि तो रोज मागे असायचा.

"आज दम बरा टिकलाय हं तुमचा," तो मागून म्हणायचा.

"माझ्या दमावर लक्ष ठेवायला पगार मिळतो का तुम्हाला?"

"पगार कसला... उलट मीच काहीतरी द्यायला हवं."

"मग द्या की."

"काय देऊ?"

"मला पुढे टाकून जा. द्या मोकळीक."

"तेवढं सोडून मागा."

पुढे बघून पळताना मी हसायचे आणि हसताना दम जायचा. "हसवू नका हो!" मी ओरडायचे. "बरं, नाही हसवत," तो म्हणायचा, आणि मग दोन खांब फक्त आमची पावलं वाजायची. त्याची... माझी... त्याची... माझी. तळ्यावर धुकं असायचं, ओल्या गवताचा वास यायचा, आणि मला चक्क पळावंसं वाटायचं. मला! नाडी बांधणं बंद झालं होतं.

पण एक गोष्ट काही केल्या उलगडेना. पळणं झालं की मी राखाडी जाकीट चढवून नळावर पाणी प्यायला जायचे. तोही यायचा. मी हसायची तयारी करून उभी, आणि हा पठ्ठ्या डोळे बारीक करून माझ्या पलीकडच्या झाडाकडे बघत निघून जायचा! ओळख ना देख. पळताना एवढा लाघवी आणि थांबल्यावर एवढा परका? लाजतो का? माज आहे? की घरी बायको आहे? रात्री कूस बदलून बदलून मी थकले. शेवटी एकच उत्तर पटलं, आणि ते काही बरं नव्हतं. त्याला माझी कीव येत असणार. एक भला माणूस सकाळी उठून एका हळू पळणाऱ्या बाईला ढकलतो, झालं. त्यात ओळख कशाला दाखवायची?

तरी मी जात राहिले. कीव तर कीव... आवाज छान होता.

मग एक दिवस नारिंगी टी-शर्ट धुवायला पडला आणि मी काळा घालून गेले. तो पुढेच दिसला. त्या दिवशी मी त्याच्या मागे होते आणि तो एका ढेरपोट्या काकांच्या मागे. काकांनीही नारिंगी बनियन घातलं होतं. आणि मी माझ्या या कानांनी ऐकलं. तेच शब्द, तोच गोड घोगरा आवाज...

"आज दम बरा टिकलाय हं तुमचा!"

काका थांबले. "कोण रे तू?"

मी उलट फिरले ती तडक घरी. म्हणजे हा सगळ्यांनाच म्हणतो! काकांना, मला, उद्या तळ्यातल्या बदकांनाही म्हणेल. आणि मी वेडी, दोन खांबांमध्ये काय काय स्वप्नं रंगवत होते. दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बूट त्या कपाटात गेले, गिटारीच्या शेजारी. आत्या त्याकडे बघून एक अक्षर बोलली नाही, आणि ते तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. रस्त्यापलीकडून येणारा माणूस डोळे कसे बारीक करतो, यावरून मी त्याचा नंबर सांगू शकते, अशी माझी ख्याती आहे. पुढे जे घडलं त्यानंतर त्या ख्यातीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आठवडाभरानं दुपारी दार ढकलून एक माणूस आत आला. दारच्या पायरीला ठेचकाळला, स्टँडला "सॉरी" म्हणाला. निळा डगला, बोटांना ग्रीस, लांब लांब पाय.

माझ्या हातातली फ्रेम खाली पडली.

"चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पडला," तो माझ्या खांद्याच्या आसपास कुठेतरी बघत म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करतो मी. वाकलो आणि गेला खाली. त्यावर लिफ्ट उतरली."

ओळखीचं काही चिन्ह नाही. बरं, आपणही नाही दाखवायची. मी त्याला खुर्चीत बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि भिंगं बदलू लागले. एक, दुसरं, तिसरं... नंबर संपेचना! हा माणूस बिनचष्म्यानं हातभर अंतरावरचा चेहरासुद्धा ओळखू शकला नसता.

"पळताबिळता का तुम्ही?" मी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

"हो. पण चष्म्याशिवाय. घामानं घसरतो ना." त्यानं ग्रीसची बोटं डगल्याला पुसली. "पळायचो. आता काही होत नाही."

"का?"

"ज्यांच्या मागे पळायचो, त्या येईनाशा झाल्या."

मला पुढचं विचारायचा धीर झाला नाही. मी तक्त्याकडे बोट केलं. "वाचा." तो चार ओळी खाली आला आणि अडखळला. "नाही दिसत. राहू द्या."

"असं कसं?" काम करताना माझं तोंड आपोआप चालतं. "चला, त्या खालच्या ओळीपर्यंत. मग थांबू."

तो ताडकन उभा राहिला आणि जड फ्रेम नाकावरून घसरून खाली पडली.

"तुम्ही!"

"मी काय?"

"नारिंगी!" तो म्हणाला. "तुम्ही नारिंगी आहात!"

आतापर्यंत मला बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलं होतं. हे नवीन होतं.

"मला पायवाट दिसत नाही हो," तो घाईघाईनं सांगू लागला. "तळं कुठे संपतं तेही दिसत नाही. फक्त तो नारिंगी रंग दिसायचा, म्हणून मागे राहायचो. आणि तुम्ही मला सांगायचात ना, 'त्या खांबापर्यंत, मग थांबू'—"

"तुम्हाला? मी स्वतःला सांगत होते!"

"मला नव्हता सांगत?" त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, काय भली बाई आहे. ओळख ना पाळख, आणि मला रोज पळवते. एक दिवस लिफ्ट बंद होती, तीन मजले चढलो आणि जिन्यातच बसलो, म्हणून तर पळायला लागलो मी. तुमच्या भरवशावर दहा किलोमीटरचं नाव घातलं."

"आणि मला वाटलं, कीव येऊन मुद्दाम हळू पळता तुम्ही!"

"हळू?" तो कळवळून म्हणाला. "अहो, जीव तोडून पळत होतो!"

आम्ही दोघं इतके हसलो की मालक आतून डोकावले. मग मला चष्म्यासाठी त्याच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागलं. छोटी पट्टी नाकावर धरायची आणि समोर वाकून डोळ्यांत बघायचं. रोजचं काम माझं. त्या दिवशी मात्र तीनदा मोजलं आणि तीन वेगळी अंतरं आली. माझा चेहरा त्याला धुकट दिसत असणार. त्याला रंग आवडला, की आवाज, की... मी? आणि मी दिसल्यावर? मला पुन्हा काही कळेना.

पण दुसऱ्या दिवशी कपाटातून बूट काढले.

त्याच्या नंबरची भिंगं मागवावी लागली. ती आली दौडीच्या आदल्या संध्याकाळी. फ्रेमला मागे पट्टाही लावला, पळताना घसरू नये म्हणून. हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. हा चष्मा लागला की त्याला वाट दिसेल, तळं दिसेल. मग माझ्या मागे कशाला राहील? सोमवारी दिला असता तरी कोणी विचारलं नसतं. पण धडपडणाऱ्या माणसाचा चष्मा दाबून ठेवायचा, हे काही माझ्या हातून होईना.

सकाळी मैदानावर पोचले आणि कपाळाला हात लावला. आयोजकांनी सगळ्यांना टी-शर्ट वाटले होते. नारिंगी! जिकडे बघावं तिकडे नारिंगी माणसं, आणि त्यांच्या मधोमध तो, हरवल्यासारखा गरगर फिरत होता. मी जाऊन त्याच्या हातात डबी ठेवली.

त्यानं चष्मा चढवला. माझ्याकडे बघितलं. नीट, पहिल्यांदा.

"अच्छा..." तो म्हणाला.

आणि शिट्टी वाजली.

अच्छा? अच्छा म्हणजे काय? गर्दीनं आम्हाला वेगळं केलं आणि मी पळू लागले. अच्छा म्हणजे 'हीच का ती'? की 'एवढीच का ती'? भोंग्यावरच्या गाण्यांत मागची पावलं ऐकू येईनात. गेला असेल पुढे. लांब पाय आहेत, आता डोळेही आहेत. मागे बघायचं मला माहीत नाही. "त्या खांबापर्यंत," मी पुटपुटले. पाणी आलं, पूल आला, चढ आला. माणसं पांगली. मी एकटीच होते. डोळे भरून आले आणि राग आला, पण पाय चालूच होते. चढ संपल्यावर एकदम लक्षात आलं... आज कोणी ढकलत नाही. मग हे पाय चालवतंय कोण? मीच की! आणि तेव्हा, मागे तो असायचा तेव्हासुद्धा, मीच.

शेवटच्या वळणावर कमान दिसली. कमानीखाली दोन माणसं रिबीन गुंडाळत होती.

पाय आपसूक कडेला वळले. पाण्याचं टेबल तिथेच होतं, गुपचूप बाजूला व्हायला अगदी सोयीचं.

"थांबा!" मी ओरडले. एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं. "ओ दादा! गुंडाळू नका! मी आहे अजून!"

माणसांचे हात थांबले. आणि मागून, अगदी दोन पावलांवरून, घोगरा आवाज आला.

"आणि मीपण!"

मी वळून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो होता. चष्म्यावर वाफ, केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद.

"तुम्ही... मागे होतात? सगळा वेळ?"

"चढावर जरा लांब पडलो होतो. पण होतो." त्याला धड बोलवत नव्हतं. "वळला असता तर दिसलो असतो."

दादांनी रिबीन पुन्हा ताणून धरली होती. ती आमच्या छातीला लागली आणि आम्ही पलीकडे जाऊन गवतावर बसलोच. फाटकापाशी आत्या उभी होती. टाळ्या वाजवत होती आणि डोळेही पुसत होती. मला श्वास घ्यायचा होता, पण आधी विचारायचं होतं.

"अच्छा म्हणजे काय?"

"काय?"

"सकाळी म्हणालात. अच्छा. दहा किलोमीटर तेच डोक्यात आहे माझ्या!"

तो हसला. चष्मा काढला, टी-शर्टनं पुसला आणि पुन्हा घातला.

"आवाजावरून मी एक चेहरा ठरवला होता. जरा कडक, मास्तरीणबाईंसारखा. आणि समोर... तू. मला काही सुचलंच नाही गं." मग एकदम घाबरून म्हणाला, "तू म्हटलेलं चालेल ना?"

"आता वाट दिसते की तुला," मी म्हणाले. "मग माझ्या मागे का आलास?"

"वाट बघायला चष्मा घातलाच नव्हता मी."

मी गवताची काडी तोडली. दुसरी तोडली. छातीतली धडधड पळण्याची की कशाची, तेही कळेना, आणि पहिल्यांदाच ते कळायची घाई वाटेना.

"आता पुढे?" तो हळूच म्हणाला.

मी उठले. त्याला हात दिला, आणि उठल्यावरही त्यानं तो सोडला नाही. रस्त्याच्या कडेला, लांबवर, एक खांब होता.

"त्या खांबापर्यंत," मी म्हणाले. "मग थांबू."

"हो हो," तो म्हणाला. "तू आजवर थांबली आहेस का कधी?"