गुरुजींना किती बोटं?

दहा दिवसांचं मौन त्या सकाळी सुटलं होतं. औंधच्या ध्यान शिबिरातून निघालेली माणसं सांगलीच्या एसटीत बसून भरभरून बोलत होती. राजरत्नही शेजारच्या मुलीला म्हणाला, "आपल्या भागात माणसं ध्यानाला बसायला लागली, ती सुमेध गुरुजींमुळं. सगळं श्रेय त्यांचंच."

"सगळं?" तिनं खिडकीतून मान वळवली. "श्वास पण त्यांनीच शोधला व्हय?"

तिचं नाव प्रियदर्शनी. तासगावच्या शाळेत शिकवत होती. भांडताना तिच्या गालाला खळी पडायची, आणि राजरत्नला आपला मुद्दाच आठवेना.

"आवं, आई गेल्यापासून मला झोप न्हवती," तो हळूच म्हणाला. "वरीसभर. शिबिरात तिसऱ्या दिवशी लागली. मग श्रेय कुणाचं?"

घरातलं एक माणूस कमी झालं की रात्र किती लांबते, ते ज्याचं त्यालाच कळतं. तिचा आवाज मऊ झाला.

"गुरुजींनी सोपं करून सांगितलं, हे खरं... पण माझी आज्जी त्यांच्या आधीपासून विहारात डोळं मिटून बसायची. बुद्धांपासून चालत आलंय ते. आणि दहा दिवस मांडी कुणाची दुखली? गुरुजींची का तुमची?"

"माझी. लय दुखली!"

दोघंही हसली. तासगाव जवळ आलं होतं. तिथं ती उतरणार, तो पुढं सांगलीला जाणार. पुन्हा गाठ कुठली पडायला? त्यानं धीर करून खिशातला रुमाल काढला.

"माझा आजा सांगलीच्या हळद बाजारात हमाल होता. तवा भाव रुमालाखाली ठरायचा. बोलायचं न्हाई, नुसती बोटं दाबायची. पटलं न्हाई तर हात काढून घ्यायचा. करायचा गुरुजींचा सौदा? दहापैकी किती?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं... आणि रुमालाखाली हात घातला. तिनं त्याची तीन बोटं दाबली. त्यानं तिची पाच. गुरुजी चारवर ठरले. बुद्ध आणि आज्जी मिळून तीन. दोन त्याच्या दुखऱ्या मांडीला.

"एक उरलं," ती म्हणाली. "ते कुणाचं?"

"बायकांच्या बाजूला रोज सकाळी कुणीतरी शिंकायचं... सलग तीनदा. मला हसू यायचं. आई गेल्यावर पहिल्यांदाच. मी वाट बघायचो त्या शिंकेची."

तिचे कान लाल झाले. "उदबत्तीचा धूर सोसत न्हाई मला..."

"मंग ते बोट तुमचं." तो अडखळला. "आणि... चालंल तर... मी पण."

रुमालाखालचा तिचा हात तिथंच राहिला.

"तासगाव!" कंडक्टर ओरडला. माणसं उतरली. गाडी सुटली.

"ताई, तुमचं तिकीट हितपर्यंतच होतं की वो!"

"सांगलीपर्यंत एक द्या," प्रियदर्शनी म्हणाली. "गुरुजींना चार लय झाली. परत बोलायचंय."

उजवा हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं पैसे डाव्या हातानं काढले.