माझा बदल कोणी पुसला?

जिन्याच्या वळणावर आमची टक्करच झाली. माझ्या ओल्या छत्रीचं पाणी थेट त्यांच्या चष्म्यावर.

"अगंबाई!"

"तुम्ही... नव्या इमारतीतल्या ना? आवाजावरून ओळखलं."

वर्षभर या माणसाशी मी फक्त ऑफिसच्या फोनवर बोलले होते. रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं नेटवर्क माझ्याकडे, जुन्याचं त्यांच्याकडे. शेजारच्या टेबलावरची ताई त्यांना 'तुझे फोनवाले' म्हणायची.

"तुमच्याकडेच निघालो होतो. एक्स-रे उघडत नाहीयेत. पेशंट टेबलावर आहे, सर्जन नुसते भडकलेत."

"आमच्याकडेही आत्ताच बंद पडलं!"

सकाळी मी एक्स-रेचा सर्व्हर बदलून त्याच्या नावापुढे नवा पत्ता टाकला होता. सगळे कॉम्प्युटर सर्व्हरला ज्यावरून शोधतात ती नाव-पत्त्यांची नोंद दोन्ही इमारतींत ठेवलेली असते. एकीकडे बदललं की थोड्या वेळाने दुसरीकडे आपोआप पोचतं. आता मात्र माझ्याकडेच जुना, बंद केलेल्या सर्व्हरचा पत्ता परत आला होता.

त्यांच्या खोलीत मी खुर्चीत बसले, ते माझ्या खांद्यामागे वाकून उभे. साबणाचा मंद वास... मी स्क्रीनकडे पाहिलं.

"इथून कोणीतरी जुना पत्ता नव्याने टाकलाय. दोन्हीकडे लिहिता येतं, पण टिकतं ते नंतरचं. त्यानेच माझा बदल पुसला."

ते कानाची पाळी चोळू लागले. "मीच तो. तुमचा बदल इथे पोचलाच नव्हता. मला वाटलं, नोंद बिघडलीय... काढून पुन्हा टाकली."

"एक फोन करायचा!"

"केला की. एंगेज होता."

मला हसू आवरेना. नवा पत्ता टाकला आणि ठरल्या वेळेची वाट न बघता तो लगेच पलीकडे पाठवला. त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये फोन लावला.

"सिस्टर, आता बघा... उघडलं? सुरू करतायत? बरं, बरं!"

फोन ठेवून ते तसेच उभे राहिले.

"महिनाअखेर नोकरी सोडताय म्हणे?"

"हो. दुसऱ्या शहरात मिळालीय."

"माझ्याकडे तुमचा फक्त टेबलावरचा नंबर आहे. तो उद्या दुसरंच कोणी उचलेल—"

"मग त्यांना विचारा सर्व्हरचं."

"नुसतं सर्व्हरचं विचारायला मी कधी फोन केला?" ते एकदम बोलून गेले. मग हळूच, "आवडता तुम्ही मला. फार."

माझे कान तापले. मी त्यांचा मोबाईल घेतला, माझा नंबर टाकला आणि त्यांच्या हातात दिला.

"एक अट. फोनवर 'तुम्ही' चालणार नाही."

"मग?"

मी दाराकडे वळले.

"तू... थांब ना जरा," तो म्हणाला.

मी थांबले.