हरण्याचा पहिला घास

प्रयोगशाळेच्या अंगणात फटाक्यांची माळ कडाडली आणि अकरापैकी दहा खोंड दावी तोडायच्या बेताने उधळले. अकरावा हरण्या मात्र कडबा चघळत उभा राहिला. पशुपैदास केंद्रातल्या डॉ. उज्ज्वला खरमाटे हिने त्याच्या वशिंडावर थाप मारली आणि जत्रेच्या प्रदर्शनात मुलांच्या गटात उतरणाऱ्या आपल्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी, कस्तुरीसाठी, तोच निवडला.

खोंड पारखण्यात उज्ज्वलाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हलगी कडाडली की कितीही देखणा खोंड बुजतो, आणि कासरा धरलेलं पोर त्याच्यामागे फरफटत जातं. त्यावर सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. फडतरे यांनी उपाय शोधला होता, अभयाणू, आणि तो एकट्या हरण्याला पाजला होता. आतड्यात राहणारा हा जीवाणू असं रसायन सोडतो, की मेंदूतलं भीतीचं केंद्र गाढ झोपी जातं.

दोन महिने कस्तुरीने हरण्याला जिवापाड सांभाळलं. पालीला पाहून पलंगावर चढणारी ही पोर एके दिवशी धामणीला शेपटीने धरून घरात आली. "आई, हात लावून बघ ना, किती गार आहे!"

दुसऱ्या दिवशी कस्तुरी उसाच्या ट्रॅक्टरसमोर कोंबडीचं पिल्लू उचलत बसली. ब्रेक लागला म्हणून वाचली. उज्ज्वला तिला घेऊन तडक फडतऱ्यांकडे गेली. तपासणीत पोरीच्या आतड्यात अभयाणू सापडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"स्पर्शाने हा पसरत नाही, मॅडम. लाळेवाटे पोटात गेला तरच, आणि तेव्हाही असर दिसायला काही आठवडे लागतात. आता वासराची लाळ कुणाच्या पोटात जाणार?"

उज्ज्वला पुटपुटली, "सर, आमच्याकडे वासरू वाढवणारं पोर त्याच्याबरोबर एक भाकरी खातं. पहिला घास वासराचा, उरलेली पोराची. त्याशिवाय ते मागे चालत नाही म्हणतात. मीच शिकवलं तिला."

"हे मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलं कुठे? आणि मला तरी कुठे सुचलं? आमच्यात सगळेच करतात."

फडतऱ्यांनी कपाटातून एक बाटली काढली. "औषध आहे. पण भीती परतायला तीन आठवडे लागतील. आणि ती धीट झाली, असं चुकूनही समजू नका. धीट माणसाला भीती वाटते, तो ती गिळतो. हिला धोका कळेल, पण पाय मागे येणार नाही. तोवर तिच्या वाटची भीती दुसऱ्या कुणीतरी बाळगायला हवी."

"मी बाळगीन," उज्ज्वला म्हणाली.

आणि तिने ती बाळगली. जत्रेतून नाव काढलं, हरण्याला लांबच्या गोठ्यात धाडलं, रजा टाकली, सुऱ्या-विळ्या कुलुपात ठेवल्या. कस्तुरी दोन मिनिटं दिसली नाही तरी उज्ज्वलाच्या काळजाचं पाणी व्हायचं. रात्री पोरीचा हात ती आपल्या पदराला बांधून झोपायची. जन्मात ती एवढी भ्याली नव्हती.

अकराव्या दिवशी दुपारी कस्तुरी अर्धा दहीभात टाकून हात धुवायला अंगणात गेली. लेकीचं उष्टं टाकायचं कसं? रोजच्यासारखं उज्ज्वलाने ते ताट पुढे ओढलं आणि केंद्राच्या आवारातल्या आपल्या घराच्या खिडकीशी बसली.

समोर कस्तुरी पैदाशीच्या वळूच्या कोंडवाड्याची कडी काढत होती. याच वळूने गेल्या वर्षी एका गुराख्याला भिंतीशी दाबून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या.

"ए, माझ्याशी खेळतोस का रे?" कस्तुरी आत गेली.

वळूने मान खाली घातली आणि खुराने माती उकरली. यानंतर तो धावून येतो, हे नव्या गुराख्यांना उज्ज्वलाच शिकवायची.

तिने काळीज धडधडायची वाट पाहिली. मग मनगटावर बोटं ठेवली. नाडी संथ, एका लयीत चालू होती. फडतऱ्यांनी तपासलं होतं ते फक्त कस्तुरीला. आईच्या ताटाबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

धावायला हवं, हे तिला अगदी स्पष्ट कळत होतं. तिने ताटातला शेवटचा घास कालवला.