दोन्ही आकडे खरे

ओमाहा शहरातल्या 'मतवेध' संस्थेच्या प्रयोगशाळेत, कपाटाएवढ्या एका संगणकात, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातले तेरा लाख मतदार नांदत होते. प्रत्येक खऱ्या मतदाराचा एक प्रतिमतदार. तो काय वाचतो, कुठली वाहिनी पाहतो, कुणाला देणगी देतो, यावरून घडवलेला. २०४१ सालापर्यंत लोकांनी अनोळखी फोन उचलणे सोडूनच दिले होते. त्यामुळे जनमत चाचणीचे प्रश्न आता प्रतिमतदारांनाच विचारले जात.

सुनीती बेडेकर तिथे अकरा वर्षे संख्याशास्त्रज्ञ होती. त्या शरद ऋतूत राज्यात एका प्रस्तावावर सार्वमत व्हायचे होते: राज्याच्या भूजलाचा मोठा वाटा संगणक-केंद्रे थंड ठेवण्यासाठी द्यावा की नाही. प्रस्तावामागे कंपन्यांची 'भूजल विकास आघाडी' होती आणि चाचणीही तिनेच करून घेतली होती. निकाल आला, सत्तावन्न टक्के बाजूने. वाहिन्यांनी तो तीन आठवडे दाखवला. विरोधातल्या पक्षाने हरणाऱ्या लढाईतून जाहिराती काढून घेतल्या, आणि त्याच्या उमेदवारांनी पाण्याचे नाव घेणेच सोडले.

सुनीतीला तो आकडा पटत नव्हता. चार शनिवार-रविवार तिने एका लहान काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, स्वतः दारे ठोठावली. चारशे घरांपैकी दोनशे अडतीस घरे विरोधात निघाली. डोरिस विटकॉम्ब नावाच्या निवृत्त शिक्षिकेने तिला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. तिच्या विहिरीचे पाणी दोन वर्षांत वीस फूट खाली गेले होते.

"मग मत द्यायला जाणार ना?" सुनीतीने विचारले.

"कशाला? सगळ्यांना हवंच आहे म्हणतात. माझ्या एकटीच्या मतानं काय होणार?"

पलीकडच्या घरातही तिला जवळपास हेच ऐकायला मिळाले.

सुनीतीने हे सारे संस्थेचे प्रमुख ग्लेन हॅलोरन यांच्या कानावर घातले. त्यांनी मतदानापर्यंत थांबायला सांगितले. मतदान झाले. निम्म्याहून जास्त लोक घरीच बसले आणि प्रस्तावाला सत्तावन्न पूर्णांक चार टक्के मते पडली. प्रयोगशाळेत केक कापला गेला. सुनीतीने मात्र त्या संध्याकाळी गणनेच्या मूळ नोंदी उघडल्या. तिथे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे होती, सत्तावन्न आणि एक्केचाळीस. दोन्हींपुढे 'स्थिर' असा शेरा होता.

दुसऱ्या दिवशी ती ग्लेनसमोर जाऊन बसली. ते शांतपणे, वर्गात शिकवावे तसे सांगू लागले.

"चाचणी ऐकून लोक बदलतात. काही जिंकणाऱ्याकडे जातात, काही हरणार म्हणून घरी बसतात. म्हणून आपण प्रतिमतदारांना आपलाच आकडा ऐकवतो, ते बदलले की नवा आकडा ऐकवतो. ऐकवलेला आणि आलेला आकडा जुळला की थांबतो. तो स्थिर आकडा. तो जाहीर केला की खरा ठरतो."

"पण इथे दोन आहेत."

"कधी कधी दोन निघतात. एक्केचाळीस जाहीर केले असते, तर विरोधक बाहेर पडले असते आणि एक्केचाळीसच आले असते."

"मग सत्तावन्न कुणी निवडले?"

"ज्यांनी चाचणी करून घेतली, त्यांनी. सुनीती, आपण आजवर एकही खोटा आकडा छापलेला नाही."

ते खरे होते. तिने राजीनामा दिला आणि त्या नोंदी एका वृत्तपत्राला नेऊन दिल्या. मंगळवारी त्या पहिल्या पानावर आल्या. दुपारी डोरिसचा फोन आला. "म्हणजे आम्ही एकटे नव्हतो तर," एवढेच ती म्हणाली. फेरमतदानाच्या मागणीसाठी अर्ज निघाला. पहिली सही डोरिसची होती. दोन दिवसांत नऊ हजार सह्या झाल्या.

गुरुवारी 'मतवेध'ने नवी चाचणी जाहीर केली. माजी कर्मचाऱ्याच्या आरोपांवर अडुसष्ट टक्के नागरिकांचा विश्वास नव्हता. वाहिन्यांनी तो आकडा दिवसभर पडद्याच्या तळाशी फिरवला. वृत्तपत्राने पुढची बातमी आतल्या पानावर ढकलली. प्रस्तावाच्या विरोधातल्या पक्षानेही अर्जापासून हात झटकले. शनिवारी सह्या थांबल्या, आणि रविवारी काही जण नावे मागे घेऊ लागले.

सोमवारी सुनीती डोरिसकडे गेली. टेबलावर सही मागे घेण्याचा कागद होता. डोरिसने पेन उघडले होते, पण अजून काही लिहिले नव्हते.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," डोरिस म्हणाली. "पण बाकी कुणाचाच नाही असं दिसतंय. तूच सांग, त्यांचा आकडा खोटा आहे का?"

सुनीतीने गुरुवारपासून रोज पुन्हा दारे ठोठावली होती. उत्तर तिला ठाऊक होते.

"गुरुवारी होता," ती म्हणाली. "आता नाही."